तीन नंबरचा बावटा

आमच्या कुटुंबांत लहानथोर मिळून चौदा माणसें आहेत; मात्र तीं सगळीं आतां एका छपराखालीं राहत नाहींत. थोरले बंधू व आम्ही महाडास, भगिनी पोलादपुरास, मुलें व पुतणी पुण्यास, एक भाचा ठाण्यास, अशी पांगापांग झालेली आहे. चूल निराळी झाली तरी एकत्र कुटुंब मोडलेलें नाहीं, असें आम्ही चारचौघांत सांगतों, आणि पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवरील आमचा कौटुंबिक गट दाखवितों. पूर्वीं माजघरांत जें बोलणें होई तें सारें आतां तेथें होतें. फरक इतकाच कीं, माजघरांत कोण कोणाकडे पाहून हंसलें हें दिसत असे; येथें तें दिसत नाहीं. या एवढ्याशा फरकापायीं गेल्या ज्येष्ठांत आमच्या हातून जें होऊं घातलें होतें तें येथें सांगावयाचें आहे.

पण त्याआधीं मागील वर्षाच्या १५ ऑगस्टची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण झेंड्यांच्या या प्रकरणांत आमचें नांव त्या दिवशींच बद्दू झालें. सकाळीं चष्मा न लावतांच आम्हीं गटांत स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा लिहिल्या व शेजारीं तिरंगा लावला. केशरी, पांढरा, हिरवा, सर्व कांहीं यथास्थित होतें. दहा मिनिटांनीं आमच्या चिरंजीवांचें उत्तर आलें: “बाबा, नायजर देशाचे लोक आपले आभारी आहेत.” आम्हीं चष्मा लावून पाहिलें, तों पांढऱ्या पट्ट्यावर २४ आऱ्यांचें निळें चक्र नसून वाटोळा केशरी ठिपका! आफ्रिकेंतील नायजर या देशानें १९५९ सालीं हा ध्वज स्वीकारला, व पुढच्याच वर्षीं तो देश फ्रेंचांच्या अमलांतून मोकळा झाला, हें ज्ञान आम्हांस त्या दिवशीं प्रथमच झालें. त्या दिवसापासून घरांत कोणाहि वडील माणसाची चूक झाली कीं मुलें एक अक्षर न लिहितां नायजरचा झेंडा लावूं लागलीं. आमच्या वहिनींनीं सत्यनारायणाच्या पूजेची तारीख चुकीची कळविली, नायजर. थोरल्या बंधूंनीं स्वतःस पाठवावयाची किराण्याची यादी गटांत पाठविली, नायजर. आम्हीं तर या राष्ट्राशीं इतके वेळां संबंध आणला कीं, तेथील वकिलातींत आमची नेमणूक व्हावी.

कुतूहल म्हणून आम्हीं चिरंजीवांस या झेंड्यांचें रहस्य विचारलें. तेव्हां कळलें कीं, देशांचे हे झेंडे म्हणजे मुळांत चित्रें नव्हतच. जगांतील सर्व लिप्यांच्या अक्षरांस संगणकासाठीं क्रमांक देणारी युनिकोड कन्सॉर्शियम नांवाची जी संस्था आहे, तिनें २०१० सालीं इंग्रजी वर्णमालेच्या २६ अक्षरांचा एक खास संच ठरवून दिला. त्यांतील ‘आय’ व ‘एन’ हीं अक्षरें शेजारीं आलीं कीं फोन त्या जागीं आपला तिरंगा काढतो. ‘एन’ व ‘ई’ आलीं कीं नायजरचा. या रीतीनें अडीचशेंहून अधिक झेंडे निघतात. चांचेगिरीचा जो काळा झेंडा आहे तो निराळ्या जातीचा. काळें निशाण व कवटी यांचा सांधा करून तो २०१८ सालीं निघाला. मागणी इतकी वाढली कीं, यापुढें नव्या झेंड्यांचे अर्जच घेणार नाहीं, असें त्या संस्थेनें २०२२ सालीं जाहीर केलें. झेंड्यावरून भांडणें होतात हें तिच्याहि लक्षांत आलें असावें.

मुलें या झेंड्यांचा उपयोग ज्या राष्ट्रांचे ते आहेत त्यांच्यासाठीं क्वचितच करतात. स्वयंपाकघरांत आमची सौ. व वहिनी यांच्यांत लोणच्याच्या मिठावरून दोन शब्द झाले व ते गटांत उमटले, कीं पुण्याहून तत्काळ स्वित्झर्लंडचा झेंडा येतो: म्हणजे आम्ही तटस्थ. त्या राष्ट्राची तटस्थता युरोपांतील बड्या सत्तांनीं १८१५ सालींच मान्य केलेली असल्यामुळें तिजवर आक्षेप घेतां येत नाहीं. कोणी नुसती काळजी व्यक्त केली, पण हातपाय हालविले नाहींत, तर त्याच्या नांवापुढें संयुक्त राष्ट्रसंघाचा झेंडा. सर्वांनीं ठरविलेलें मोडून आपल्याच चालीनें चालणाऱ्यास नेपाळचा. कारण राष्ट्रध्वजांत चौकोनी नसलेला तेवढा एकच. मग हे झेंडे दोन-दोन तीन-तीन एकत्र गुंफले जातात व त्यांचीं वाक्यें होतात. तिरंगा, स्वित्झर्लंड व संयुक्त राष्ट्रसंघ असे तीन ओळीनें आले तर अर्थ असा कीं, ‘भांडण घरचें आहे, मी कोणाच्याच बाजूचा नाहीं, तरी मला अतिशय काळजी वाटते.’ हें वाचून आम्हांस हंसूं आलें हें कबूल केलें पाहिजे. विनोद उपरोधाचा होता, पण त्यांत विष नव्हतें.

आतां एका निशाणाचें विशेष सांगावयाचें तें आमच्या या मुलुखामुळें. त्या संचांत काठीवर लावलेलें एक त्रिकोणी निशाण आहे. तें लाल रंगांत काढलेलें असतें, व कोणत्याहि राष्ट्राचें तें नाहीं. परंतु महाराष्ट्रांतील माणूस त्यास लाल म्हणतच नाहीं. तो त्यास भगवा समजतो व ‘जय शिवराय’ लिहून त्यापुढें लावतो. आमचें महाड तर रायगडाच्या वाटेवरचें गांव. ६ जून १६७४ रोजीं गडावर जो राज्याभिषेक झाला त्याचा सोहळा एकदां तारखेनें व एकदां ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीच्या तिथीनें होतो. त्या दिवसांत मोटारसायकलींवर भगवे झेंडे बांधलेले तरुण आमच्या दारावरून पाचाडाकडे जात असतात. तिकडे पोलादपुराच्या बाजूस उमरठास तानाजी मालुसऱ्यांची समाधि आहे. तेथेंहि तोच झेंडा. जून महिना लागला कीं आमच्या फोनवर या त्रिकोणी निशाणांचा असा पाऊस पडतो कीं, खरा पाऊस मागाहून येतो.

महाडाचा दुसराहि एक झेंडा आहे. आमच्या आळीपासून चवदार तळें फार दूर नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांसह या तळ्याचें पाणी ओंजळीनें घेतलें. त्यानंतर त्यांच्या लोकांस मारहाण झाली, व गांवांतील सनातन्यांनीं तळें ‘शुद्ध’ करून घेतलें. हा इतिहास आमच्यासारख्या जुन्या घरांनीं मान खालीं घालूनच सांगावयाचा आहे. दरवर्षीं मार्चांत तळ्याभोंवतीं निळे झेंडे लागतात. परंतु फोनच्या संचांत निळें निशाण नाहीं; म्हणून तरुण मंडळी निळें हृदय लावतात. आमच्या चिरंजीवांचे महाडचे जे मित्र आहेत ते त्रिकोणी निशाण व निळें हृदय हीं जोडीनें लावतात. पहिल्यांदा ती जोडी आम्हांस थट्टा वाटली, कारण त्या चिरंजीवांचें कोणतें लिहिणें खरें व कोणतें थट्टेचें हें ओळखण्याची शक्ति आम्ही गमावून बसलों होतों. ती थट्टा नव्हती. विचारल्यावर ते किंचित् रागावलेच.

असो. गेल्या वैशाखाच्या अखेरीस आमच्या पुतणीस एक स्थळ सांगून आलें. मुलगी पुण्यास एका संगणकाच्या कंपनींत नोकरीस आहे. शिकलेली, मितभाषी, वडिलांसारखी. स्थळ आमच्या पोलादपूरच्या भगिनींच्या सासरच्या नात्यांतील. मुलगा उत्तम शिकलेला, मिळवता, दिसावयास देखणा. बंधूंचा स्वभाव व्यवहारास भिणारा असल्यामुळें बोलणीं करण्याचें काम परंपरेनें आमच्याकडे आलें. मुलगा-मुलगी पुण्यास दोनतीनदां भेटलीं. मुलीस विचारलें तर म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं.” आमच्या पिढीस या उत्तराचा अर्थ ‘होय’ असाच शिकविलेला आहे.

५ जूनच्या रात्रीं आम्हीं मुलाचा फोटो व माहिती गटांत घातली व लिहिलें कीं, उद्यां चांगला दिवस आहे, कोणास कांहीं सांगावयाचें असल्यास सांगावें. वडील मंडळींनीं ‘उत्तम’, ‘शुभस्य शीघ्रम्’ असें लिहिलें. पुतणीनें कांहींच लिहिलें नाहीं. चिरंजीवांनीं मात्र फोटोखालीं तीन त्रिकोणी निशाणें ओळीनें लावलीं, आणि ठाण्याच्या भाच्यानें त्याखालीं आणखी तीन. राज्याभिषेकाची पूर्वसंध्या, दारांत झेंड्यांच्या गाड्या, फोनवर शंभर ठिकाणीं तेंच निशाण. तेव्हां मुलांनीं भगवे उभारून आनंद केला आहे असें आम्हांस वाटलें, यांत नवल तें काय? आमचें मन भरून आलें, हें सांगावयास आतां लाज वाटते. सकाळीं आम्हीं पोलादपुरास फोन करून भगिनीस कळविलें: “आमच्याकडून होकार समजावा. मुलांनींहि झेंडे लावले आहेत.” दुपारपर्यंत भगिनीच्या घरीं पेढे वांटून झाले व साखरपुड्याच्या तिथीची चर्चा सुरू झाली.

संध्याकाळीं चिरंजीवांचा फोन आला. आवाज चढलेला होता. “बाबा, होकार कसा दिलात? आम्ही तीन रेड फ्लॅग लावले होते!”

आम्हीं म्हटलें, “तो भगवा नव्हता का?”

क्षणभर पलीकडे कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग तो म्हणाला, “बाबा, तो लाल बावटा होता. धोक्याचा.”

मग सर्व उलगडा झाला. इंग्रजी बोलींत एखाद्या माणसाच्या वागण्यांतील धोक्याच्या खुणेस लाल निशाण म्हणतात. आणि २०२१ च्या ऑक्टोबरांत ट्विटरवर (ज्यास आतां एक्स म्हणतात) हीं त्रिकोणी लाल निशाणें ओळीनें लावून, अमुक म्हणणाऱ्या माणसापासून सावध राहा, असें थट्टेनें लिहिण्याची साथच आली होती. ती साथ ओसरली, पण खूण तरुणांच्या भाषेंत राहिली. एकाच निशाणाकडे पाहून बाप भगवा वाचतो व मुलगा बावटा वाचतो, आणि दोघांनाहि आपला अर्थ इतका उघड वाटतो कीं, कोणी कोणास विचारीत नाहीं!

खरें म्हणजे हा अर्थ आम्हांस अगदींच परका नव्हता, हीच त्यांतील बोंच आहे. १९९३ सालीं रोह्याहून वीरपर्यंत कोंकण रेल्वे सुरू झाली तेव्हां आम्ही मुद्दाम गाडी पाहावयास वीरला गेलों होतों, आणि गार्डाच्या हातांतील लाल व हिरवीं निशाणें आम्हीं पाहिलेलीं होतीं. आमच्या जिल्ह्यांत लाल बावटा म्हटला कीं शेतकरी कामगार पक्षहि आठवतो, तो भाग निराळा. पण याहून जुना अर्थ बंदरावरचा. महाड हें आतां कोणास बंदर वाटणार नाहीं. परंतु सावित्रीच्या खाडींतून दासगांवापर्यंत बोटी येत, आणि डिसेंबर १९२७ च्या परिषदेस डॉ. आंबेडकर मुंबईहून बोटीनें दासगांवासच उतरून महाडास आले. समुद्र खवळण्याचीं लक्षणें दिसलीं कीं बंदरावर धोक्याचा बावटा लागतो, व त्याचा क्रमांक वर्तमानपत्रांत येतो. तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे वादळी वारे बंदरावर येऊं घातले आहेत, होड्या आंत घ्याव्या. आमच्या मुलानें मोजून तीन लावले होते! क्रमांक त्याच्या मनांत नव्हता, पण कोंकणांतल्या माणसानें निदान मोजावयास हवे होते.

मुलीनें भावंडांस जें सांगितलें होतें व आम्हांस सांगितलें नव्हतें तें असें: दुसऱ्याच भेटींत मुलानें विचारलें कीं, लग्नानंतर तुझा पगार माझ्या खात्यांत जमा करण्यास तुझी हरकत नाहीं ना? तिसऱ्या भेटींत तिच्या फोनचा परवलीचा शब्द मागितला. कचेरींतील कोणकोणत्या पुरुषांशीं बोलणें होतें याची चौकशी केली. आणि माहेरीं वर्षांतून किती वेळां जावयाचें हें आतांच ठरवूं, म्हणाला. प्रत्येक वेळीं हंसत हंसत. ती घाबरली. पण आत्याचें नातें, वडिलांचा भिडस्त स्वभाव, काकांनीं घातलेले हेलपाटे, यांचा विचार करून तिनें ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हटलें. तिनें आपल्या काकूजवळ तरी बोलावयाचें होतें, असें आमच्या सौ. अजूनहि म्हणतात व डोळे पुसतात.

दुसऱ्या दिवशीं चिरंजीव महाडास आले. आम्हीं विचारलें, “तुला एवढं माहीत होतं, तर सरळ चार ओळी लिहावयास काय झालं होतं? झेंड्यांचा खेळ कशाला?”

तो म्हणाला, “लिहिलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, मोठ्यांच्या बोलण्यांत बोलूं नये. मागं ताईच्या वेळीं बोललों होतों, तेव्हां तसंच म्हणालांत. झेंड्याला कोणी रागावूं शकत नाहीं.”

या उत्तरावर आम्ही बराच वेळ बसून राहिलों. ताईच्या लग्नाच्या वेळीं आम्हीं तसें म्हटलें होतें हें अक्षरशः खरें आहे. ज्या घरांत लहानांस सरळ बोलण्याची वाट नसते तेथें तीं आडवाटेनें बोलतात, हें कांहीं फोनबरोबर आलेलें नाहीं. आमच्या आजीस सासऱ्यांसमोर बोलण्याची परवानगी नव्हती; ती मांजरास उद्देशून बोले, आणि सासऱ्यांस जें ऐकावयाचें तें ते ऐकत. मृत्यूची बातमी असलेल्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. पोस्टमननें तें उंबऱ्यापाशीं दिलें कीं वाचण्याआधींच बायका रडूं लागत. खूण होती, पण ती साऱ्या गांवास एकाच अर्थानें ठाऊक होती. फाटक्या कोपऱ्याचा अर्थ कोणी ‘लग्न ठरलें’ असा केल्याचें आम्हीं ऐकलेलें नाहीं.

आणि उपरोधाबद्दल म्हणाल, तर झेंड्याचा उपरोध आम्हींच मुलांस शिकविला आहे. १७५८ सालीं मराठ्यांची फौज अटकेपर्यंत गेली. तेव्हांपासून ‘अटकेपार झेंडे लावणें’ हा पराक्रमाचा वाक्प्रचार झाला. पण आमच्या घरांत तो पराक्रमासाठीं शेवटचा केव्हां वापरला गेला? चिरंजीव गणितांत नापास झाले तेव्हां आम्हींच म्हणालों होतों, “वा, अटकेपार झेंडे लावलेत!” भाचा मोटार ठोकून आला तेव्हां बंधू हेंच म्हणाले. म्हणजे राघोबादादांचा झेंडा आम्हीं पोरांच्या फजितीवर लावावयाचा, आणि त्यांनीं नायजरचा लावला कीं आम्हांस तो उद्धटपणा वाटावयाचा!

तथापि चिरंजीवांची बाजू आम्हांस पुरतीच पटली आहे असें नव्हे, आणि तें आम्हीं त्यास सांगितलें. थट्टेच्या आडून दिलेल्या इशाऱ्यांत देणाऱ्याची एक सोय असते: इशारा खरा ठरला तर ‘मी आधींच म्हणालों होतों’, आणि खोटा ठरला तर ‘मी थट्टा करीत होतों’. बहिणीच्या आयुष्याचा प्रश्न असतांना स्वतःस अशी दुहेरी पळवाट ठेवणें हें भावास शोभत नाहीं. बंदरावर बावटा लावणारा खलाशांस डोळा मारीत नाहीं. रोज हंसण्यासाठीं जें निशाण वापरावयाचें तेंच एके दिवशीं काळजीनें लावलें, तर पाहणाऱ्यानें फरक कशावरून ओळखावा? त्यानें हें ऐकून घेतलें. “फोन करायला हवा होता,” एवढेंच म्हणाला. आम्हींहि ‘तुझ्या बोलण्यावर मी रागावलों असतों’ हें कबूल केलें. दोघांसहि तें जड गेलें.

मग पोलादपुरास जाऊन होकार परत घेण्याचें काम राहिलें. तें फोनवर करण्याजोगें नव्हतें. महाड-पोलादपूर हें जेमतेम अर्ध्या तासाचें अंतर. त्या दिवशीं तें संपूं नये असें वाटत होतें. भगिनींनीं सर्व ऐकून घेतलें व विचारलें, “झेंड्यावरून होकार दिलास आणि झेंड्यावरूनच मोडतोस? माझ्या सासरीं मी काय सांगूं?” आम्हीं मुलीनें सांगितलेल्या गोष्टी सांगितल्या. त्या म्हणाल्या, “पगार तर आमच्या वेळीं सगळेच घेत.” मग गप्प झाल्या. त्यांनीं स्वतः बावीस वर्षें शिक्षिकेची नोकरी केली आहे. तो पगार कोणाच्या हातीं जाई हें आम्हीं कधीं विचारलें नव्हतें, व त्या दिवशींहि धैर्य झालें नाहीं. आम्ही उठलों तेव्हां त्या दारापर्यंत आल्या नाहींत. उरलेले पेढे मात्र त्यांच्या सुनेनें डब्यांत घालून दिले. ते परतीच्या वाटेवर आमच्या मांडीवर होते.

त्यानंतर अडीच महिने भगिनी गटांत कांहीं बोलल्या नाहींत. राखी टपालानें आली, सोबत चिठ्ठी नव्हती. पुतणी मात्र पूर्वींपेक्षां अधिक बोलूं लागली आहे. आठवड्यांतून एकदां आम्हांस फोन करते व इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगून मध्येंच एखादी महत्त्वाची सांगून जाते, ती हेरण्यास आम्ही शिकत आहों. मुलांनीं आम्हांस एक तक्ता करून दिला आहे. कोणत्या झेंड्याचा घरांत काय अर्थ, तें त्यांत लिहिलेलें आहे. त्रिकोणी निशाणापुढें ‘विचारून घेणें’ असें आम्हीं स्वतःच्या हातानें लिहिलें.

गणपतींत आम्हीं गटांत आरतीची वेळ कळविली, ती घाईंत सकाळऐवजीं संध्याकाळची पडली. मुलें काय लावणार हें ठाऊक असल्यामुळें आम्ही फोन हातांत धरून बसलों होतों. पहिला झेंडा आला तो पुण्याहूनहि नव्हता, ठाण्याहूनहि नव्हता. पोलादपुराहून होता. या खेपेस आम्हीं चष्मा लावून नीट पाहिलें: केशरी, पांढरा, हिरवा, आणि मध्यें चक्र नव्हे, ठिपका.